दोन दोऱ्यांचा स्टंट काइट घ्यायचाय, बजेट ३ हजार, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पतंगातलं जाणकार कोण असेल तर जरा सांगा. भाच्याला (वय १२) संक्रांतीच्या टायमाला अहमदाबादच्या पतंग महोत्सवाचे व्हिडिओ सापडले आणि तेव्हापासनं त्याला आपला कागदाचा पतंग नको झालाय, दोन्ही हातात दोन दोऱ्या धरून गिरक्या मारतात तसला पायजे. मामा म्हटल्यावर खिसा माझाच.

म्हणून गेल्या महिन्यात ऑनलाइन ८५० चा एक मागवला. कोल्हापुरातल्या मेरी वेदर ग्राउंडवर नेला तर वर जातोय न जातोय तोच डावीकडं वळून धाडकन खाली, परत उडवला, परत डावीकडंच. तासभर मी वाऱ्याला शिव्या घातल्या. घरी आल्यावर दोन्ही दोऱ्यांची टोकं गेटच्या कडीत अडकवून गल्लीच्या टोकापर्यंत ताणत नेली तर डावी दोरी चांगली वीतभर आखूड! पाकिटातनंच तशी आलेली. गाठ मारून सारख्या केल्या, दुसऱ्या दिवशी उडाला, भाचा नाचायला लागला, आणि तिसऱ्यांदा आपटला तेव्हा नाकाशी कामट्या मिळतात तिथला प्लास्टिकचा जोड फुटला (फायबरच्या नळ्या आहेत, पण मी कामट्याच म्हणणार). दोरी पण साधी नायलॉनची, रबरासारखी ताणती, दोन गिरक्या मारल्या की पीळ बसून अडकती आणि मग हात हलवा नायतर नका हलवू.

आता मे मध्ये तारकर्लीला जायचंय, त्याआधी बरा घ्यावा म्हणतोय. कामट्यांचा त्रिकोणी डेल्टा घ्यावा की बिनकामट्यांचा, हवा भरून फुगतो तो पॅराफॉइल? कार्बनचा घेतलाच पायजे का? आणि इथं उडवायचा कुठं, ग्राउंडवर झाडं-इमारतींमुळं वारा नुसता भेलकांडतो.

प्रतिसाद :
भावा, आपटायचं वय आहे तर पॅराफॉइलच घे. मोडायला काय नसतंयच, घडी घालून दप्तरात बसतो. प्रिझम कंपनीचा सिनॅप्स, एचक्यू कंपनीचा सिम्फनी ही त्यातली नावं, पण बाहेरनं मागवलास तर शिपिंग आणि कस्टम धरून हिशोब कर. रुंदीला सव्वा मीटरच्या आसपास बास, मोठा घेतलास तर जोराच्या वाऱ्यात पोराला फरफटत नेईल. एकच खोट, वारा पडला की पिशवीगत मिटतो. हलक्या वाऱ्यात आणि खऱ्या करामतींना डेल्टाच. तो घ्यायचा तर फायबरग्लासचा घे, वजनाला जड पण वाकतो. कार्बन हलका, महाग आणि आपटला की कटकन मोडतो, पहिल्या पतंगाला कशाला?

खरं तर पैसे दोरीवर घाल. डायनिमा नावाच्या मजबूत धाग्याची, २० ते २५ मीटर. ताणत नाही आणि चार-पाच पीळ पडले तरी सरकती. उजव्या गिरक्या जेवढ्या मारल्या तेवढ्या डाव्या मारल्या की पीळ आपोआप सुटतो. मांजा तर चुकून पण लावू नको. डायनिमा पण बारीक असती, ताणलेली असताना चामडी कापती, माणसं आणि विजेच्या तारा लांब ठेव.

पोराला एक सांग, स्टिअरिंगगत हात फिरवायचे नाहीत. हात कमरेजवळ, वळायचं त्या बाजूची दोरी फक्त ओढायची. जुना फेकू नको, जोड बदलून त्याला लांब शेपूट बांध, सावकाश वळतो, शिकायला बरं. १९७२ ला इंग्लंडात पीटर पॉवेलनं असला पतंग काढला त्याला पण लांब शेपूट होतीच.

जागा म्हणशील तर मसाई पठार, पन्हाळ्याच्या पुढं. मोकळं रान, वारा एकसारखा. तारकर्लीला दुपारनंतर समुद्राकडनं वारा येतो, त्याला तोड नाही.

मूळ लेखक :
लई आभार दादा. पॅराफॉइल आणि डायनिमा फायनल. जुन्याचा जोड आज सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधलाय, शेपटीला आईच्या जुन्या साडीचा काठ मिळाला. रविवारी मसाईला जाऊन बघतो, मोडला तर फोटो टाकतो.