पुण्यात केलेल्या रूट कॅनलचा आयर्लंडमध्ये टॅक्स परत मिळतो का?

डब्लिनची_सई
नमस्कार मंडळी, आम्ही डब्लिनला असतो, दोघंही नोकरीत. दिवाळीला पुण्याला गेलो तेव्हा नवऱ्याच्या दोन दाढांचं रूट कॅनल करून घेतलं, वर झिर्कोनियाच्या कॅप बसवल्या, माझं स्केलिंग झालं आणि एका दाढेत सिमेंट भरलं. इथे रूट कॅनलचे दर ऐकूनच पोटात गोळा येतो म्हणून तिकडेच उरकलं. आता ऑफिसातला एकजण म्हणतो की दातांच्या खर्चावर २०% टॅक्स परत मिळतो पण फक्त आयर्लंडमध्ये केलेल्या ट्रीटमेंटवर. खरं आहे का? बिल एकच आहे, त्यावर नुसतं 'डेंटल ट्रीटमेंट' आणि खाली टोटल. आणि पैसे तेव्हा बाबांनी जीपेवरून दिले, मी नंतर त्यांच्या खात्यावर पाठवले. कुणी केलंय का हे?

मुळामुठा
सई, ऑफिसातल्या माणसाचं ऐकू नका, बाहेरच्या देशातली ट्रीटमेंट चालते. अट एवढीच की डेंटिस्टला त्या देशाच्या कायद्याप्रमाणे प्रॅक्टिस करायची परवानगी पाहिजे, म्हणजे आपल्याकडे डेंटल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. इथले कितीतरी लोक बुडापेस्टला जाऊन दात करून येतात आणि क्लेम करतात, मग पुण्याने काय घोडं मारलंय.

पण सगळी ट्रीटमेंट धरत नाहीत हं. रेव्हेन्यूच्या (म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या) भाषेत रूटीन आणि नॉन-रूटीन असे दोन भाग आहेत. स्केलिंग, सिमेंट भरणं, साधा दात काढणं, कवळी हे सगळं रूटीन, त्यावर काही मिळत नाही. रूट कॅनल, कॅप, ब्रिज, ब्रेसेस, हिरड्यांची ट्रीटमेंट, आत अडकलेली अक्कलदाढ सर्जरी करून काढणं हे नॉन-रूटीन. म्हणजे नवऱ्याचं सगळं बसतं, तुमचं नाही. त्यामुळे ते एकरकमी बिल अजिबात उपयोगाचं नाही, दाढेगणिक फोड करून मागा, कारण उद्या विचारलं तर यातलं स्केलिंग किती आणि कॅप किती हे तुम्ही कशावरून दाखवणार?

दुसरं, मेड २ नावाचा फॉर्म असतो, तो डेंटिस्टने भरून सही करून द्यायचा. क्लेम ऑनलाइनच होतो, रेव्हेन्यूच्या साइटवरच्या मायअकाउंटमध्ये, पण मेड २ आणि पावत्या सहा वर्षं जपून ठेवायच्या, रेव्हेन्यू कधीही मागू शकतं.

अमरावतीकर_गॉलवे
वरच्या प्रतिसादाला १००% अनुमोदन. मेड २ बद्दल थोडं सांगतो कारण तिथेच लोक अडतात. आपल्याकडच्या डॉक्टरांनी हा फॉर्म कधी बघितलेला नसतो, परदेशी सरकारचा कागद म्हटल्यावर सही करायला बिचकतात. आमच्या डेंटिस्ट मॅडमना मी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवला आणि सरळ सांगितलं की यात फक्त तुम्ही काय केलं, कधी केलं आणि किती पैसे घेतले एवढंच लिहायचंय, मग त्यांनी दहा मिनिटांत भरून, शिक्का मारून, रजिस्ट्रेशन नंबर टाकून दिला. तुमचे आईबाबा पुण्यातच असतील तर त्यांना प्रिंट घेऊन क्लिनिकवर पाठवा, फोनवर समजावत बसण्यापेक्षा ते बरं. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी मात्र फॉर्म बॅगेतच टाकून न्या आणि विमानात बसायच्या आधी सही घ्या.

बाबांचं म्हणाल तर खर्च शेवटी तुमच्या खिशातून गेलाय हे दिसलं पाहिजे. बाबांची जीपेची नोंद आणि तुम्ही त्यांना पाठवलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट दोन्ही एकत्र ठेवा. रुपयाचे युरो करताना पैसे दिले त्या दिवसाचा रेट धरा आणि तो लिहून ठेवा.

नवी_पाखरं
मग विमानाच्या तिकिटाचे पण मिळतात का? तिकिटं केवढी महाग झालीत!

मुळामुठा
नाही हो. प्रवासखर्च तेव्हाच धरतात जेव्हा ती ट्रीटमेंट आयर्लंडमध्ये मिळतच नाही. रूट कॅनल इथे गल्लोगल्ली होतं.

आणि आकडाही सांगून ठेवतो म्हणजे अपेक्षा नीट राहील. समजा नॉन-रूटीन खर्च ४५,००० रुपये, रेट ९० धरला तर ५०० युरो, त्याचे २०% म्हणजे १०० युरो. तुम्ही ४०% च्या स्लॅबमध्ये असलात तरी २०% च. इन्शुरन्सने काही दिलं असेल तर ते आधी वजा करायचं. आणि त्या वर्षी जेवढा टॅक्स भरलाय त्यापेक्षा जास्त परत येत नाही. पण १०० युरो म्हणजे एका आठवड्याचा किराणा, का सोडायचे?

टोरांटोचा_बाळू
अवांतर: कॅनडातही परदेशातल्या डेंटिस्टचा खर्च चालतो, टॅक्स रिटर्नमध्ये लाइन ३३०९९. फक्त तिथे खर्चाची किमान मर्यादा ओलांडावी लागते आणि दात पांढरे करण्यासारखं कॉस्मेटिक काही धरत नाहीत.

डब्लिनची_सई
खूप खूप आभार सगळ्यांचे! बाबांना आजच मेड २ पाठवला, उद्या सकाळी क्लिनिकला जाऊन येतो म्हणाले, फोड केलेलं बिलही मागणार आहेत. एक शेवटचं, २०२२ मध्ये नागपूरला सासूबाईंकडे असताना नवऱ्याचं अजून एक रूट कॅनल झालं होतं, ते गेलंच का आता?

अमरावतीकर_गॉलवे
चार वर्षांची मुदत असते. २०२२ चा क्लेम ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत टाकता येतो. त्या डॉक्टरांकडे जुनी नोंद असेल, बिलाची कॉपी आणि मेड २ दोन्ही मागून घ्या.