चर्चा : सार्वजनिक जागेतील जखमी झाड छाटून राखावे की काढून टाकावे?

पानगळ (धागालेखक)

वादळात मोडलेल्या, वाहनाच्या धडकेने साल निघालेल्या किंवा खोदकामात मुळे तुटलेल्या झाडाचे काय करावे, हा प्रश्न आला की बहुतेक ठिकाणी एक मधला मार्ग निघतो. झाड काढायला मन धजत नाही आणि तसेच ठेवायची भीती वाटते, म्हणून त्याचा माथा उडवून खोड तेवढे उभे ठेवले जाते. माझ्या मते या तडजोडीने झाडांचेही नुकसान केले आहे आणि माणसांचेही. इजा फांद्यांपुरती असेल तर छाटणी जरूर करावी. ती बुंध्याला किंवा मुळांना झाली असेल, तर झाड काढून त्या जागी नवे लावणे हाच सरळ निर्णय आहे.

अमेरिकी वनसेवेतील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांतील कूज कशी पसरते याचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये त्याचे प्रारूप मांडले. त्याचा गाभा असा, की झाड जखमी लाकूड दुरुस्त करत नाही. ते त्या भागाभोवती अडथळे उभारून कूज कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. या कामाला लागणारी ऊर्जा पाने पुरवतात. माथा उडवणारा माणूस नेमकी तीच रसद तोडतो आणि वर जाड फांद्यांच्या उघड्या तोंडांतून बुरशीला नव्या वाटाही करून देतो. त्या तोंडांभोवती दाट धुमारे फुटले की झाड सावरले असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात ते धुमारे बाहेरच्या थरातून निघालेले असल्याने त्यांची पकड वरवरची असते, आणि काही वर्षांनी वजन वाढले की तेच आधी मोडतात.

मुळांची गोष्ट याहून कठीण आहे, कारण ती दिसत नाहीत. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच असतात, त्यामुळे खोडाला लागून खणलेला एक चर एका बाजूचा सगळा आधार तोडू शकतो. एवढे होऊनही पाने पुढे कित्येक महिने हिरवीगार राहतात, आणि त्या हिरवेपणालाच लोक मजबुतीचा पुरावा मानतात.

सुतारपक्षी

पानगळ यांनी माथा उडवण्याविषयी जे लिहिले आहे त्यातील प्रत्येक वाक्य मला मान्य आहे. परंतु माथा उडवणे म्हणजे छाटणी नव्हे, आणि वाईट छाटणीचे दाखले देऊन चांगल्या छाटणीला बाद ठरवणे मला पटत नाही. पर्णसंभार कमी करण्याची योग्य रीत अशी, की लांब फांदी तिच्या पुरेशा जाड उपफांदीपर्यंत मागे घ्यायची, काप फांदीच्या तळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर ठेवायचा आणि एका वेळी जिवंत पानोऱ्याचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढायचा नाही. (कापावर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, तरीही ती सवय सुटत नाही.) वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो आणि उंचीवर लागलेला जोर बुंध्यावर तरफेसारखा काम करतो. त्यामुळे शेंड्याकडचा थोडासा भाग कमी केला तरी क्षेत्रफळ आणि तरफेची लांबी ही दोन्ही एकदम घटतात.

दुसरा मुद्दा पोकळीचा. ढोली दिसली की झाड गेले, असा समज आहे. गोल खोडाच्या वाकण्याच्या ताकदीत मधल्या लाकडाचा वाटा फार कमी असतो. मधोमध असलेल्या पोकळीचा व्यास खोडाच्या व्यासाच्या निम्मा असला तरी गणिताने सुमारे ९४ टक्के ताकद शिल्लक राहते. तो ७० टक्के झाला तरी सुमारे ७६ टक्के राहते. जर्मन संशोधक क्लाउस माटेक यांनी शाबूत भिंतीची जाडी त्रिज्येच्या सुमारे तीस टक्क्यांहून कमी झाली की धोका वाढतो असे मांडले, ते याच टप्प्यावर. पोकळी एका कुशीला उघडी असेल किंवा खोडाला उभी चीर असेल तर हे गणित लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण मग मोजा! लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐका, शंका आल्यास ध्वनिलहरींनी किंवा बारीक गिरमिटाच्या यंत्राने आतले लाकूड तपासा, आणि नंतर ठरवा. बुंध्याला इजा झाली म्हणून न मोजता झाड काढणे हा निर्णय नसून निर्णय टाळणे आहे.

धोक्याचे प्रमाणही लक्षात घ्यावे. ब्रिटनमधील राष्ट्रीय वृक्षसुरक्षा गटाच्या २०११ च्या मार्गदर्शिकेनुसार तेथे झाड पडून मृत्यू येण्याचा धोका वर्षाला माणशी साधारण एक कोटीत एक इतका आहे.

करवत

या चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. काढलेले झाड पडले असते की नाही हे कधीच सिद्ध होत नाही. राखलेले झाड पडले तर मात्र सही करणाऱ्याचे नाव निघते. म्हणून झाड काढण्याकडे कल असतो. त्यामागे वनस्पतिशास्त्र शोधण्यात अर्थ नाही.

मुळाक्षर

दोन्ही बाजू झाडाकडे पाहत आहेत. मला त्याखालची जागा पाहावीशी वाटते. तीच ढोली, तेच खोड, पण एक झाड शाळेच्या फाटकावर आहे आणि दुसरे उद्यानाच्या अशा कोपऱ्यात आहे जिथे दिवसभरात क्वचितच कोणी फिरकते. या दोघांना एकच निकष कसा लावणार? झाड हलवता येत नाही, पण बाक, पायवाट, वाहनतळ आणि खेळाची साधने हलवता येतात, आणि त्याचा खर्च पुष्कळदा झाड काढण्याहून कमी असतो. जिथे खाली वावर नाही, तिथे मेलेल्या झाडाच्याही फांद्या उतरवून खोड उभे ठेवता येते. घुबडे, पोपट, वटवाघळे यांना ढोलीसारखी दुसरी जागा सहजासहजी मिळत नाही.

मात्र काही खुणा दिसल्यावर वाद घालत बसू नये. झाड अलीकडेच कलले असेल आणि कलाच्या उलट बाजूची माती उचलली जाऊन भेगाळली असेल, तर आधी माणसे दूर करावीत. पूर्वीपासून कललेले, पण शेंडा पुन्हा सरळ वर वळवलेले झाड वेगळे. त्याने आपला तोल कधीच साधलेला असतो. बुंध्यालगत गॅनोडर्मा या लाकूड कुजवणाऱ्या बुरशीची कठीण छत्री उगवली असेल, तर ती दिसण्याच्या आधीच आत बरेच लाकूड गेलेले असू शकते. दोन समान जाडीच्या खोडांच्या बेचक्यात साल दबलेली असेल, तर तो सांधा दिसतो त्याहून दुबळा असतो. मात्र तिथे एक खोड मागे घेणे किंवा दोहोंना वर दोराने बांधणे एवढ्यानेही काम भागू शकते.

पानगळ

सुतारपक्षी यांनी दिलेला एक कोटीत एक हा आकडा मला उलट माझ्या बाजूचा वाटतो. ज्या व्यवस्थेत झाडे नियमित तपासली जातात आणि धोकादायक झाडे वेळेवर काढली जातात, तिथला तो आकडा आहे. तपासणीचे फळ दाखवून तपासणीअंती होणारी तोड अनावश्यक ठरवता येत नाही. शिवाय तो वर्षभराची आणि सगळ्या लोकसंख्येची सरासरी सांगतो. वादळाच्या संध्याकाळी, कुजलेल्या बुंध्याच्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाला ती सरासरी लागू नाही.

मोजमापाविषयी माझी हरकत नाही. पण मुळांपाशी ध्वनिलहरींचे यंत्र फारसे उपयोगी पडत नाही, आणि झाडाला दोराने ताण देऊन ते किती हलते हे पाहण्याची चाचणी करणारे लोक सगळीकडे नसतात. छाटणी करून राखलेले झाड ही कायमची जबाबदारी असते : कूज वाढते, धुमारे वाढतात, पुन्हा काप घ्यावे लागतात. जिथे छाटणीनंतर पाच वर्षे कोणी वर पाहणार नाही, तिथे मी झाड काढण्याच्याच बाजूने राहीन.

सुतारपक्षी

ही अट मी मान्य करतो, पण दोन्हीकडे सारखी. झाड राखण्याच्या आदेशावर पुढच्या तपासणीची तारीख आणि ती करणाऱ्याचे पद लिहिलेले असावे, आणि काढण्याच्या आदेशावर काय मोजले व नवे झाड कोठे, केव्हा लावणार हे लिहिलेले असावे. रोपाला त्या झाडाएवढी सावली धरायला काही दशके लागतील, तेव्हा त्याला पहिली काही वर्षे पाणी कोण घालणार हेही त्याच कागदावर यावे. पहिली तारीख लिहायला कोणी तयार नसेल तर झाड काढण्यास माझा विरोध नाही. दुसरा तपशील लिहायला कोणी तयार नसेल तर मात्र राहील.