दारामागच्या खिळ्यावरचा मास्क, पावसात तुम्ही काय करताय?

घणसोलीकर (जुलै २०२१)
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमच्या घरी दारामागे एक खिळा आहे, आधी तिथे छत्री असायची आता मास्क लटकतात. माणसं पाच, मास्क चार, आणि कुठला कोणाचा ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. बाबा दूध आणायला जाताना हाताला येईल तो घालतात, पोरगा खाली जाताना तोच घेतो, परवा मी एक चढवला तर आतून बामचा वास आला तेव्हा कळलं की हा बाबांचा. खरं सांगतो तेव्हा पोटात गोळा आला, कारण बाबांना शुगर आहे आणि त्यांचा लसीचा अजून एकच डोस झालाय आणि बसमधून गर्दीत फिरून येतो तो मी.

मी महापेला एमआयडीसीत कामाला आहे, कोविडमुळे लोकल आपल्याला अजून बंद त्यामुळे रोज एनएमएमटीची बस. कंपनी दर सोमवारी एक एन-९५ देते आणि तोच शनिवारपर्यंत चालवायचा. मे महिन्यापर्यंत ग्रिलला उन्हात टांगायचो, आता पावसात रुमालसुद्धा दोन दिवस वाळत नाही. मागच्या आठवड्यात बायकोने तो निरम्यात भिजवून चांगला चोळून धुतला आणि फ्रिजच्या मागे वाळवला, दिसायला एकदम नवा झाला. तर धुतलेला चालतो का? आणि एक मास्क किती दिवस वापरायचा?

स्टॉपवर बघतो तर लोक पँटच्या खिशातून सुट्ट्या पैशांबरोबर चुरगळलेला मास्क काढतात, बस आली की घालतात, बसले की हनुवटीवर. सोसायटीच्या गेटवर पण तोंडाला काहीतरी आहे ना एवढंच बघतात. किती दिवसांचा आहे हे कोणी कोणाला विचारतच नाही.

वर्तकनगरची_सिस्टर
दादा, मी नर्सिंगला आहे, कोविड वॉर्ड केलाय. आधी तो धुतलेला मास्क टाकून द्या, प्लीज. एन-९५ मध्ये मधला जो थर असतो त्याच्या धाग्यांवर विजेचा भार असतो, प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे कसे ओढतो तसा, आणि बारीक कण त्यालाच चिकटतात. ते ९५ टक्के अडवायचं काम बरंचसं त्या भारावर चालतं. साबण किंवा सॅनिटायझर लागला की तो भार जातो. मास्क दिसतो नवा पण आत ते काम करणारं फारसं काही राहत नाही.

मागच्या वर्षी मास्क मिळतच नव्हते तेव्हा आम्ही कागदी पाकिटांवर वार लिहायचो. आज वापरलेला पाकिटात, उद्या दुसरा, असं करत पहिल्याची पाळी परत येईपर्यंत मध्ये तीन दिवस तरी जायला हवेत. लॅबमध्ये हा विषाणू प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय म्हणून तेवढा वेळ. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम राहतो. तुमच्या कंपनीला एवढंच सांगा की दर सोमवारी एक देण्याऐवजी महिन्याचे चारही एकदम द्या. खर्च तोच, पण चार पाकिटं फिरवता येतात आणि एकेक मास्क महिन्यात सहाच वेळा तोंडाला लागतो. इलॅस्टिक सैल झालं, नाकावर बसेनासा झाला किंवा भिजला तर मात्र पाळी न बघता टाका.

आणि बाबांचा मास्क बाबांचाच. खिळा वेगळा करा, आजच.

शिलाईवाली_ऐरोली
मी गेल्या लॉकडाऊनपासून सुती मास्क शिवते. घरातल्या बाकीच्यांना दूध-भाजीपुरते कापडी चालतील, पण प्रत्येकाला दोन तरी हवेत, एक तोंडावर एक धुण्यात. माझ्याकडे प्रत्येकाच्या नाडीला वेगळ्या रंगाचा दोरा आहे, सासूबाईंचा हिरवा, पोरांचे लाल आणि पिवळा, वाचता न येणाऱ्या धाकट्यालाही कळतं. ऊन असेल तर साबणाने धुऊन पाच तास कडक उन्हात, आणि पावसात कुकरमध्ये पाणी नि थोडं मीठ घालून दहा मिनिटं, मग वाळत घालून वर इस्त्री. हे सरकारच्याच पत्रकात होतं मागच्या वर्षी. फक्त एक बघा, धुऊन धुऊन कापड विरतं. बल्बसमोर धरा, उजेड आरपार दिसला की त्याचं फडकं करा.

तुर्भे_मार्केट
ताई सगळं बरोबर आहे पण मार्केटात गोणी उचलणाऱ्याने काय करायचं? दहा मिनिटात मास्क घामाने चिंब, श्वास लागतो म्हणून माणूस तो खाली ओढतो, मग दुपारी तोच ओला मास्क वर. आमच्यात अर्धे गमछाच बांधतात आणि त्यानेच तोंड पुसतात. राज्य सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये एन-९५ ला १९ ते ४९ रुपये दर ठरवून दिला, पण हातावर पोट असलेल्याला १९ रुपये पण जड जातात हो. त्याला निष्काळजी म्हणू नका एवढीच विनंती.

वर्तकनगरची_सिस्टर
नाही म्हणणार दादा, मला पटतंय तुमचं. ओझं उचलताना एन-९५ नकोच. तीन सुती मास्क घरून न्या, कागदात गुंडाळून, आणि चहाच्या सुट्टीत बदला. ओला झालेला परत वर घेऊ नका, तो दुसऱ्या पुडीत.

कळवा_नाका
माझे वडील सफाई कामगार. लोक मास्क उघड्यावर टाकतात आणि ते हाताने उचलावे लागतात, कधी कधी ग्लोव्हज पण फाटलेले असतात. घरात कोणी आजारी नसेल तर वापरलेला मास्क कापून कागदी पिशवीत ७२ तास ठेवायचा आणि मग सुक्या कचऱ्यात, असा केंद्रीय प्रदूषण मंडळाचा नियम आहे. कापायचा यासाठी की कोणी उचलून परत विकू नये. आणि घरात पेशंट असेल तर तो कचरा पिवळ्या पिशवीत वेगळा द्या, गाडीवाल्याला सांगून. प्लीज एवढं करा.

घणसोलीकर
सगळ्यांचे आभार. काल पाच खिळे ठोकले, बाबांचा निळा दोरा. सुपरवायझरशी बोललो, ऑगस्टपासून चार एकदम द्यायला तयार झालाय. सिस्टर, भावाकडे वॉल्ववाला एन-९५ आहे, तो बाबांजवळ बसताना चालेल का?

वर्तकनगरची_सिस्टर
नाही. त्या वॉल्वमधून त्याचा श्वास न गाळता बाहेर येतो, तो सुरक्षित राहील पण बाबा नाही. केंद्राने जुलै २०२० मध्येच राज्यांना तसं पत्र पाठवलं होतं. आणि बाबांचा दुसरा डोस कधी आहे ती तारीख बघून ठेवा.