मिसोसाठी लावलेली कोजी चिकट झाली, वास उग्र येतोय. कुठं चुकलं?

रंकाळा_काठ

घरी मिसो (सोयाबीन आंबवून करतात तो जपानी खारट लगदा) लावायचा आहे, म्हणून आधी त्याला लागणारी कोजी, म्हणजे बुरशी चढवलेला तांदूळ, केली. इंद्रायणी तांदूळ १ किलो, रात्रभर भिजवून नेहमीसारखा पाणी घालून कुकरला शिजवला. कोमट झाल्यावर पाकिटातली कोजीची बुरशी २ ग्रॅम चोळली आणि झाकण लावलेल्या थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या बाटल्यांसोबत ठेवली. २० तासांनी गोडसर छान वास होता. ४० तासांनी उघडलं तर भात बुळबुळीत, बोट लावलं की तार सुटते आणि वास नाकात झोंबतो. हा तांदूळ वापरता येईल का? शिवाय आपल्याकडच्या हवेत मीठ किती धरावं आणि पावसाळ्यात बरणीचं काय करावं, तेही सांगा. सोयाबीन हातकणंगल्याकडचं नवीन आहे.

पेठेतला_आचारी

ताई, तो घाणा टाकून द्या. तार आणि झोंबणारा वास ही नात्तोच्या (तार सुटणारं जपानी आंबवलेलं सोयाबीन) जिवाणूची खूण आहे. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. ओल आणि ४० अंशांच्या वरची ऊब मिळाली की ते बुरशीला मागं टाकतात. तुमच्याकडे त्यांना दोन्ही मिळालं.

पहिली चूक पाण्याची. कोजीचा तांदूळ शिजवायचा नसतो, वाफवायचा असतो. १० ते १२ तास भिजवा, रोळीत दोन तास निथळू द्या, मग पंचात बांधून मोदकपात्रात ५० मिनिटं वाफ द्या. झाकणालाही फडकं बांधा, नाहीतर वाफेचे थेंब भातावर पडतात. वजन करून बघा: १ किलो तांदूळ वाफवल्यावर १.३५ ते १.४ किलो भरला पाहिजे. कुकरचा भात २ किलोच्या पुढे जातो, तिथंच काम बिघडतं. दाणा बाहेरून कोरडा, आतून शिजलेला हवा. चिमटीत चुरडला की मळलेल्या पिठासारखा लांबला पाहिजे, मधे पांढरी कणी राहता कामा नये. इंद्रायणी यासाठी घेऊ नका, तो चिकटून गोळा होतो आणि बुरशीला दाण्यादाण्यात हवा मिळत नाही. जुना कोलम बरा.

दुसरी चूक उबेची, आणि बहुतेक जण इथंच फसतात. पहिले १८ ते २० तास उष्णता आपण द्यायची, भात ३० ते ३२ अंशांवर राहील इतकीच. त्यानंतर बुरशी स्वतःच तापते. म्हणजे गोडसर वास आला त्या क्षणी बाटल्या बाहेर काढायच्या होत्या. तेव्हा भात हातानं मोकळा करा, परातीत दोन बोटं जाडीचा पसरा, बोटांनी सऱ्या पाडा, वर ओलसर फडकं टाका. थर्मामीटर भाताच्या पोटात खुपसून ठेवा, खोक्यातल्या हवेत नको. ३८ दिसला की पुन्हा हलवा. ४० च्या वर जाऊ देऊ नका. दुसऱ्या रात्री दर तीन-चार तासांनी उठावं लागतं, त्याला इलाज नाही.

४२ ते ४८ तासांत दाणे पांढऱ्या लवेनं एकमेकांना धरतात आणि आळंबीसारखा वास येतो. तिथं थांबा. हिरवट-पिवळं व्हायला लागलं म्हणजे बीजाणू धरले, चव कडवट होते. आणि घरच्या भातावर आपोआप आलेला हिरवा बुरा कधीही वापरू नका. कोजीच्या बुरशीची एक जवळची रानटी भावंड अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि डोळ्यांना दोघी सारख्याच दिसतात.

आळूचं_फदफदं

मिठाचं मी सांगतो. सुकं सोयाबीन १ किलो, ताजी कोजी १ किलो, मीठ ४८० ग्रॅम. सोयाबीन १८ तास भिजवून उकडलं की सुमारे २.२ किलो होतं, म्हणजे एकूण ३.६८ किलोत मीठ १३ टक्के पडतं. जपानात ११ ते १३ धरतात. आपला उन्हाळा बघता १३ च्या खाली जाऊ नका. क्योतोचा गोड पांढरा मिसो ५ टक्क्यांच्या आसपास असतो, पण तो फ्रिजचा माल.

खडे मीठ मिक्सरमधून काढून घ्या. खडा जिथं पडत नाही तिथं कमी मिठाचा कप्पा राहतो आणि आंबटपणा तिथूनच सुरू होतो. मीठ आधी कोजीत चोळायचं, मग सोयाबीनमध्ये. सोयाबीन अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत सहज चिरडलं पाहिजे. कुकरला २५ ते ३० मिनिटं. वाटून हाताला कोमट झाल्यावरच कोजी घाला. कढत असताना घातली तर तिची पाचकद्रव्यं निकामी होतात आणि मिसो महिनोन्महिने नुसतं खारट पिठलं राहतो. उकडलेलं पाणी फेकू नका, मिश्रण कोरडं वाटलं तर त्यातलं थोडं घाला. जपानी लोक म्हणतात, कानाच्या पाळीइतकं मऊ हवं.

गोळे करून चिनी मातीच्या बरणीत एकेक जोरात आपटा, आत हवा राहू नये. वरून २० ग्रॅम मीठ, कागद, आणि एक किलोची मिठाची पिशवी वजनाला. पावसाळ्यात वर पांढरा बुरा येणारच. काळा किंवा गुलाबी असला तर एक बोट खोल काढून टाका, पांढरा नुसता खरवडा. वर चढणारं काळसर पाणी मात्र ओतू नका, ती तामारी, म्हणजे मिसोचा सोया सॉससारखा रस. ती वर आली म्हणजे वजन बरोबर बसलंय.

मुहूर्त जानेवारीचा धरा. कोजीला रात्री गार मिळतात आणि बरणीला मार्चपासून उन्हाळा मिळतो. आषाढ लागायच्या आत चाखण्याजोगा होतो.

जुनी_बखर

वरच्या बऱ्याच गोष्टींची मुळं इतिहासात सापडतात, म्हणून लिहितो. जपानातही मिसो थंडीतच लावत, कारण गारठ्यात इतर जिवाणू मंद असतात. इ.स. ७०१ च्या ताइहो संहितेत (जपानच्या जुन्या कायदेसंग्रहात) ‘मिशो’ असा उल्लेख येतो. चीन-कोरियाकडून आलेल्या ‘हिशिओ’ या आंबवलेल्या पदार्थांच्या कुळातला तो.

कोजीचं बियाणं विकणं हा तिथं मोठा व्यापार होता. क्योतोत कितानो देवस्थानाच्या आश्रयाला असलेल्या संघाकडे कोजीची मक्तेदारी होती. १४४४ साली त्यावरून दंगल झाली आणि मक्तेदारी मोडली. बियाणं शुद्ध ठेवायला भातात लाकडाची राख मिसळत. राखेच्या क्षारानं बाकीचे जंतू दबतात, कोजी तग धरते. सूक्ष्मदर्शक येण्याच्या कितीतरी आधी माणसांनी हे निव्वळ निरीक्षणातून साधलं, याचं मला फार मोल वाटतं.

आळूवाल्यांसाठी खास: सेंगोकू काळातले (पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जपानी यादवीतले) सैनिक आळूच्या जातीतल्या देठांची दोरी वळून ती मिसोत शिजवत आणि वाळवत. सामान बांधायला दोरी, आणि मुक्कामाला तीच कापून गरम पाण्यात टाकली की सार तयार.

जपानातल्या ओकाझाकी गावचा हात्चो मिसो तर तांदळाशिवायच होतो, कोजी थेट सोयाबीनवर. लाकडी पिंपात सुमारे ६ टन मिसो, वर ३ टन दगड, आणि दोन उन्हाळे, दोन हिवाळे. तुमची एक किलोची पिशवी त्याच जागी आहे.

रंकाळा_काठ

घाणा टाकला. जुना कोलम आणि थर्मामीटर आणते. तयार मिसो रश्श्यात घातला तर चालेल का?

पेठेतला_आचारी

चालेल, पण उकळू नका, सुगंध उडतो. गॅस बंद करून वाटीभर रश्श्याला एक चहाचा चमचा मिसो, आधी थोड्या रश्श्यात कालवून. रश्श्यात मीठ निम्मंच टाका.