मदत हवी आहे: बिंज ईटिंगसाठी टीएमएस घ्यावं का? (ठाणे / नवी मुंबई)

घोडबंदरची_ताई:
धाकट्या बहिणीला बिंज ईटिंगचा (तोल सुटून खूप खाण्याचा) त्रास आहे, वाशीच्या एका क्लिनिकमध्ये टीएमएस सांगितलंय. डोक्याला चुंबकाची कॉइल लावून मेंदूला ठोके देतात ते. 30 सिटिंग, आठवड्याचे 5 दिवस, पैसे आधी. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. कुणी घेतलंय का? 'डाएट कर' म्हणू नका प्लीज, सगळं करून झालंय.

नेरूळकर_76:
वय? खाल्ल्यावर उलटी काढते का? किती दिवसांपासून? एवढ्या माहितीवर काय सांगणार?

खारघरची_मावशी:
माझ्या भाच्याचं वजन 16 तासांच्या उपासाने उतरलं. डोक्याला शॉक लावून घेऊ नका गं.

नौपाडा_नाका:
मावशी, हा शॉक नव्हे. शॉकमध्ये भूल देऊन फिट आणतात. टीएमएसमध्ये माणूस जागा असतो, चुंबकाचे ठोके बसतात, टकटक आवाज येतो, बस. मी नैराश्यासाठी घेतलं आणि सावरलो. ताई, बिनधास्त घ्या.

नेरूळकर_76:
बिनधास्त कसं? तुमचं नैराश्य होतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) टीएमएसला नैराश्यासाठी 2008 मध्ये, ओसीडीसाठी (तेच तेच विचार, त्याच त्याच कृती करण्याचा आजार) 2018 मध्ये आणि सिगारेट सोडवण्यासाठी 2020 मध्ये परवानगी दिली. बिंज ईटिंगसाठी नाही. त्यावरचे अभ्यास लहान आहेत, निकालही एकसारखे नाहीत. आणि मावशी, उपास नकोच. दिवसभर पोट रिकामं ठेवलं की रात्री तोल जास्त सुटतो.

घोडबंदरची_ताई:
24 वर्षांची आहे. उलटी नाही. दोन वर्षं झाली. आठवड्यातून तीन-चार रात्री, सगळे झोपल्यावर, पोट दुखेपर्यंत खाते. मग रडते. डब्याच्या झाकणाचा आवाज मला येतो, पण मी उठत नाही, तिला लाज वाटेल म्हणून.

ऐरोली_लोकल:
वाशीला ट्रान्सहार्बरने जा, थेट गाडी आहे. पण घोडबंदरहून ठाणे स्टेशन गाठण्यातच जीव जातो. असं 30 वेळा जमेल का तिला?

नौपाडा_नाका:
गोळ्या कुठल्या चालू आहेत? माझ्याकडून आधी फॉर्म भरून घेतला होता: कधी फिट आली होती का, डोक्यात कुठे धातू आहे का, औषधं कुठली.

घोडबंदरची_ताई:
बुप्रोपिऑन 150, नैराश्यावरची गोळी. लहानपणी तापात दोनदा फिट आली होती, पण त्याला वीस वर्षं झाली. तिथे कुणी विचारलं नाही, म्हणून मीही बोलले नाही.

नेरूळकर_76:
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! त्या गोळीने फिटची शक्यता वाढते, आणि टीएमएसमध्येही क्वचित फिट येते. गोळी आणि जुन्या फिट, दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी मात्र मनाने बंद करू नका. सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलून केलेली थेरपी) झालंय का? या त्रासावर आधी तेच करतात.

नौपाडा_नाका:
माझं 'बिनधास्त' मागे घेतो. आधी विचारा.

घोडबंदरची_ताई:
सीबीटी नाही झालं. दोनदा समुपदेशनाला नेलं, तिथे फक्त वजन केलं आणि तक्ता दिला. उद्या पैसे भरत नाही. गोळी ठाण्यातल्या डॉक्टरांनी दिलीय, सकाळी त्यांना फोन करते. ठाण्यापासून ऐरोलीपर्यंत खाण्याच्या त्रासावर सीबीटी करणारं कुणी माहीत आहे का? संध्याकाळी 7 नंतरची वेळ हवी, तिची नोकरी आहे.