तपासणीवर बहिष्कार टाकला म्हणून पूर्ण पगार कापायचा?

मेधा_क
ब्रिटनमध्ये २० एप्रिल ते ६ सप्टेंबर २०२३ या काळात यूसीयू या प्राध्यापक-कर्मचारी संघटनेने पगारवाढ आणि करारावरच्या नोकऱ्यांच्या वादातून उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार टाकला होता. तब्बल १४५ विद्यापीठांत. शिकवणं, संशोधन सगळं चालू, फक्त गुण द्यायचे नाहीत. त्यावर अनेक विद्यापीठांनी निम्मा पगार कापला, काहींनी अख्खा. मला हा सरळ जाच वाटतो. जेवढं काम केलं नाही तेवढंच कापा ना! १९८७ साली तिथे एका विवाह निबंधकाचा खटला गाजला होता. आठवड्याच्या ३७ तासांपैकी शनिवारच्या ३ तासांत तो लग्नं लावत नव्हता. त्याचा ३/३७ पगार कापला गेला आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) ते योग्य ठरवलं. हा हिशेब मला पटतो.

शिरीष
असहमत. त्यानंतरचा, १९८९ चा टॉवर हॅम्लेट्स या लंडनमधल्या कौन्सिलचा (पालिकेचा) निकालही बघा. तिथल्या कर्मचाऱ्यांनी फक्त नगरसेवकांच्या चौकशांना उत्तरं देणं थांबवलं होतं, बाकी काम चोख. पण ‘अर्धवट काम स्वीकारणार नाही’ असं कौन्सिलने आधीच कळवलं होतं, म्हणून पूर्ण पगार गेला. आपल्याकडेही बँकेतल्या ४ तासांच्या संपासाठी दिवसभराचा पगार कापणं सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये ग्राह्य धरलंय. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांचं काय? निकाल नाही म्हणजे नोकरी अडकली, व्हिसा अडकला. त्यांचा या भांडणाशी काय संबंध?

मेधा_क
@शिरीष, मुलांचं नुकसान झालं, मान्यच आहे. पण कायद्यात बसतं म्हणजे न्याय्य होत नाही. ‘स्वीकारणार नाही’ असं पत्र पाठवायचं आणि तास घेऊ द्यायचे, त्या तासांची फीही ठेवून घ्यायची? मग काम स्वीकारलंच की!

अश्विनी प.
मी तेव्हा तिकडे ९ महिन्यांच्या करारावर शिकवत होते. बहिष्कारात आहात की नाही हे एका फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. फॉर्म गोळा करणार विभागप्रमुख, आणि माझ्या कराराला मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवणारही तेच. मी ‘नाही’ लिहिलं आणि पेपर तपासले. करारावरच्यांची अस्थिरता हा संघटनेच्या मागण्यांतलाच मुद्दा होता, पण हे हत्यार उचलणं फक्त कायम नोकरीवाल्यांना परवडत होतं. याचं उत्तर मला दोन्ही बाजूंकडून हवंय.

शिरीष
अश्विनीताईंचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच म्हणतो, बहिष्कार हा मार्गच चुकीचा. त्याच वर्षी पुन्हा संप करायचा का यावर सभासदांचं फेरमतदान झालं, त्यात कायद्याने लागणारं ५० टक्के मतदानसुद्धा झालं नाही. सभासदच मागे हटले.

मेधा_क
मागे हटले की पगार कापून हटवले? महागाई १० टक्क्यांवर असताना मालकांनी ५ ते ८ टक्के वाढ संघटनांच्या संमतीशिवाय लागू केली होती. त्यात दोन-तीन महिने अर्ध्या पगारावर काढलेला माणूस पुन्हा संपाला मत कुठून देणार?