कोणीतरी मध्ये पडले तेव्हा : अनुभव धागा

एखाद्या बाईची किंवा मुलाची छेड काढली जात असताना जवळच्या माणसाने काय केले, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. २०११ साली अंधेरीच्या आंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकले म्हणून कीनन सँटोस आणि रूबेन फर्नांडिस या तरुणांवर हल्ला झाला व दोघांचेही प्राण गेले; त्यामुळे "आपण मध्ये पडायचे नाही" असे घरोघरी बजावले जाते, आणि ती भीती खरी आहे. म्हणूनच हाणामारीपर्यंत न जाता केलेल्या मदतीचे अनुभव विशेष हवे आहेत. पीडितेची ओळख पटेल असा तपशील कृपया टाळावा.

शिक्षिका, सोलापूर जिल्हा
महाविद्यालयात असताना मी संध्याकाळच्या एसटीने गावी जात असे. एकदा गर्दीत मागचा माणूस सारखा अंगाशी येत होता आणि मी पुढे सरकले की तोही सरकत होता. खिडकीशी बसलेल्या एका मावशींनी मांडीवरची भाजीची पिशवी पायाशी ठेवली आणि "अगं, तू आमच्या सुनंदाची ना? ये, इथे टेक," असे म्हणत मला हाताला धरून शेजारी बसवले. मी कोणत्याही सुनंदाची नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले, "कंडक्टरला सांगू का? तुझं काय म्हणणं आहे?" मी मान हलवल्यावरच त्यांनी हाक मारली, आणि कंडक्टरने त्या माणसाला पुढे नेऊन ड्रायव्हरजवळ उभे केले. आरडाओरडा झाला नाही, बसभर माझा तमाशा झाला नाही, आणि निर्णय माझ्या हातात राहिला, याचे मोल मला आजही फार वाटते.

नोकरदार, डोंबिवली
स्थानकाच्या पुलावर एक जण एका मुलीला मुद्दाम धक्के देत होता. मी त्या दोघांच्या मधून चालू लागलो, एवढेच केले, आणि तो मागे पडला.

गृहिणी, सांगली
परक्याला हटकणे त्या मानाने सोपे असते. लग्नघरात नात्यातलाच माणूस बारा वर्षांच्या मुलीला जवळ ओढू लागतो, तेव्हा सगळ्यांच्या जिभा जड होतात. आमच्या आत्याने "चल गं, पंगतीला पाने मांडायची आहेत," म्हणून मुलीला उठवले आणि त्याच रात्री तिच्या आईला स्पष्ट सांगितले. पुढे आमच्याकडे "घरातली गोष्ट घरातच राहू द्या" यावर बराच वाद झाला. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे आम्हाला एका वकीलबाईंनी सांगितले, तेव्हा कुठे घरातली मोठी माणसे पोलीस ठाण्याची पायरी चढली.

विद्यार्थिनी, पुणे
माझ्या बाबतीत एकाने चित्रीकरण केले आणि मला न विचारता ते सर्वत्र पसरवले. त्याचा हेतू चांगला असेलही, पण पुढे कित्येक दिवस अनोळखी लोक माझ्या कपड्यांची चर्चा करत राहिले. पुरावा जरूर घ्या, मात्र तो जिचा आहे तिच्याकडे द्या.

लेखापाल, नाशिक
कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या आमच्या कार्यालयातील अंतर्गत समितीकडे मी तक्रार केली, तेव्हा घटना पाहिलेल्या सहकाऱ्यांपैकी बहुतेकांना काही आठवेना. एका ज्येष्ठ बाईंनी मात्र त्याच दिवशी तारीख, वेळ आणि ऐकलेले शब्द आपल्या डायरीत टिपून ठेवले होते, आणि नोकरीची दोनच वर्षे उरलेली असताना त्यांनी समितीपुढे ते वाचून दाखवले.